पांढरं दिसण्यासाठी पिवळं

माझी नातवंडं मला अधूनमधून सिनेमा शिकवायला बसतात. "आजी, तो पाऊस खरा नसतो, बंबाचा असतो." "आजी, ते रक्त खोटं असतं." मी निमूट ऐकून घेते आणि मग म्हणते, "बाळांनो, तुमचा बाप जन्मला नव्हता तेव्हा मी भर दुपारी चांदणं पाडताना पाहिलंय." आजीला शिकवणं म्हणजे मासळीला पोहायला शिकवणं, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

गोवा सुटून दोनेक वर्षं झाली असतील. मी बांद्याची. लग्न होऊन रेडीच्या अलीकडे खाडीकाठच्या एका वाडीत आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. यजमान मुंबईला गोदीत, म्हणून घरात आम्ही चौघंच. सासरे, सासूबाई, मी आणि माझी नणंद. तिला मी वन्सं म्हणायची. वन्संचं लग्न सोळाव्या वर्षी झालं आणि सतराव्या वर्षी नवरा मुंबईत तापानं गेला. त्या माहेरी परत आल्या त्या पांढऱ्या लुगड्यात. मी त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. उंच, ताठ, जिभेच्या माझ्याइतक्याच तिखट. घरातली निम्मी कामं त्याच उरकायच्या, पण हळदीकुंकवाला बायका आल्या की मागच्या पडवीत जाऊन बसायच्या. त्यांना कुणी सांगावं लागत नसे. मला तेच बघवत नसे, आणि नवी सून म्हणून मी काही बोलतही नसे.

अशात एके दिवशी मुंबईहून दोन ट्रक भरून सिनेमावाले आले. ते सकाळीच यायचे होते, पण सावंतवाडीला ड्रायव्हरचा रस्ता चुकला आणि ट्रक थेट गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर जाऊन उभे राहिले. तिथल्या पोलिसांनी पेट्या उघडल्या तर आत तलवारी. बरं, तलवारी लाकडाच्या. खालच्या पेटीत बायकांचे केस, तेही माणसांवाचून. पोलीस हसून हसून लोळले म्हणे आणि मग रस्ता दाखवायला बरोबर माणूस दिला. ट्रक वाडीत पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि सगळा गाव वाट बघून कंटाळला होता.

आमच्याकडे शेतात नांगर घालायचा तरी आधी देवाला विचारतात, तर सिनेमाचं काय! दुसऱ्या दिवशी देवळात कौल लावला. कौल म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. गुरव देवाच्या पाषाणाला पाण्यानं पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. देवानं उजवा कौल दिला. दिग्दर्शकानं नारळ फोडला आणि आमच्या गावात सिनेमा सुरू झाला.

आठवडाभर घरोघरी चुलीवरचं करपत होतं. गाव सगळा किनाऱ्यावर. आणि तिथं एकेक नवल! दुपारी बाराला, डोकं फुटेल अशा उन्हात, नायक-नायिका वाळूवर बसून "किती टिपूर चांदणं पडलंय" असं म्हणत होती. कॅमेऱ्यापुढे तांबडी काच धरली होती. त्यातून म्हणे निळं आकाश काळं होतं आणि दुपारची रात्र दिसते. नायकाला सुरा लागला तर रक्त म्हणून त्याच्या छातीवर आमच्याच घरची काकवी ओतली. सिनेमा काळा-पांढरा, रंग पडद्यावर कळतच नाही, नुसतं दाट आणि काळं दिसलं की झालं. मुंग्यांना मात्र ते माहीत नव्हतं. मेलेला नायक तीनदा उठून नाचला. घोड्याच्या टापांसाठी आवाजवाल्यानं दोन करवंट्या मागून घेतल्या आणि दगडावर आपटून दाखवल्या. डोळे मिटले तर घोडाच! आमचे सासरे म्हणाले, "म्हणजे घोडो आमच्या माडार धरता आणि आमकां आजून पत्तो नाय."

ही सगळी गंमत कॅमेरेवाले आजोबा आम्हां बायकांना समजावून सांगत. साठीचा माणूस, अंगात ढगळ खमीस, डोक्यावर ओला पंचा. मूकपटांच्या काळापासून त्यांनी हे काम केलेलं. ते म्हणाले, तेव्हा बाया पडद्यावर यायला तयार नसत म्हणून पुरुषच मिशा काढून नायिका होत. आम्हांला त्याचं काय नवल! आमच्या दशावतारात अजून दाढी खरवडून द्रौपदी उभी राहते. मग त्यांनी सांगितलं की जुन्या फिल्मवर चांदीचा मुलामा असतो, आणि ती चांदी काढण्यासाठी कितीतरी जुने चित्रपट लोकांनी धुऊन टाकले. उरलेल्या पट्टीच्या बायकांच्या बांगड्या केल्या. "मी काढलेली कितीतरी माणसं आता कुणाच्या तरी मनगटात किणकिणत असतील," असं म्हणून ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. वन्संनी तेव्हा आपली मोकळी मनगटं पदराखाली घेतली. ते मीच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी बायकांचा घोळका उभा करायचा होता. समुद्रात गेलेली होडी परतत नाही आणि गावच्या बाया किनाऱ्यावर वाट बघतात, असा प्रसंग. सासूबाईंची परवानगी काढून मी आणि वन्संही जाऊन उभ्या राहिलो. कॅमेरेवाले आजोबांनी काचेतून पाहिलं आणि हात हलवून ओरडले, "त्या पांढऱ्या लुगड्याच्या बाईंना जरा बाजूला करा!"

वन्सं निमूट बाजूला झाल्या. कुणाकडे बघितलं नाही. तेरा वर्षांची सवय होती. मुंबईच्या माणसांना तरी असलं काही नसेल असं मला वाटलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी सून बिन सून सगळं विसरून मी तरातरा गेले आणि त्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुमच्या कॅमेऱ्यालाही विधवेचा विटाळ होतो का हो?"

त्यांना आधी काही कळेना. कळलं तेव्हा ते पुरते शरमले. कॅमेरा तसाच सोडून ते वाळूतून चालत वन्संकडे गेले आणि हात जोडले. "बाई, तुम्हांला नाही हो, लुगड्याला म्हणालो मी. पांढरं कापड उन्हात असं पेटतं, की शेजारचे चेहरे खाऊन टाकतं. म्हणून सिनेमात आम्ही पांढरं वापरतच नाही. तो बघा, भटजी. धोतर चहात बुडवलंय त्याचं. पांढरं दिसायचं तर पांढरं नसून चालतं, किंबहुना नसलेलंच चालतं."

मग ते थोडं मागे सरून वन्संकडे बघत राहिले. त्या बघण्यात वावगं काही नव्हतं. सुतार लाकडाकडे बघतो तसं. म्हणाले, "आमच्या गोष्टीत एक विधवा आहे. जिची होडी कधीच बुडालेली असते, तरी ती रोज येऊन उभी राहते. तिला एकही वाक्य नाही. मुंबईची बाई यायची होती, ती आली नाही. तुम्ही उभ्या राहाल का? फक्त उद्या फिकट पिवळं नेसून या. पडद्यावर ते शुभ्र दिसेल."

विधवा दिसायची तर पिवळं नेसायचं! वन्संना काय वाटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, पण घरी येईपर्यंत त्या दोन पावलं माझ्या पुढेच चालत होत्या.

घरी सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "बिनकुकवाच्या बायकेन पिवळां नेसाचां? मी वाडीत तोंड खंय दाखवू?" त्यांचंही खोटं नव्हतं. लेकीला पांढरं त्यांनीच नेसवलं होतं, पण त्यानंतर चार दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या असं मला शेजारणीनं सांगितलं होतं. लोक आपल्या लेकीला नावं ठेवतील, या एका भीतीवर त्यांची सगळी कडक शिस्त उभी होती.

सासरे सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "तुजां रवांदे, माजां रवांदे. देवाक इचारूया."

सकाळी आम्ही देवळात. तिथं गुरवाचीच धांदल उडालेली. सिनेमात ढोल वाजवायचं काम त्याला मिळालं होतं आणि गळ्यात ढोल अडकवूनच तो कौल लावायला बसला. बाहेर सिनेमावाले त्याच्या नावानं हाका मारत होते. त्यानं भराभरा पाकळ्या लावल्या आणि एका दमात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्यां तुजां लेकरू. ह्या लेकरान पिवळां नेसूक होयां म्हणतत. तुका चलात तर उजवो कौल दी, नाय चलात तर डावो दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

उजवी पाकळी अशी टपकन पडली, की जणू देव वाटच बघत होता. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले. देवापुढे त्यांचं काही चालणार नव्हतं.

पिवळं लुगडं आणायचं कुठून? माझी सगळी काठपदराची, हिरवी नि लाल. शेवटी मीच मागल्या दारी घंगाळात पाणी घेतलं, त्यात मूठभर हळद कालवली आणि वन्संचं पांढरं लुगडं बुडवलं. वर काढलं तर लग्नाच्या हळदीचा रंग! वन्संनी ते पिळायला हात लावला आणि त्यांचे तळवे पिवळे झाले. कितीतरी वेळ त्या तळव्यांकडेच बघत उभ्या होत्या. मग मला म्हणाल्या, "काय बगतंस गो? पिळ तुजां टोक." दोघी मिळून आम्ही लुगडं पिळलं.

त्या दिवसापासून चार दिवस वन्सं किनाऱ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. इतर बायकांना त्यांच्यासाठी बाजूला सरकवलं जाई. आजोबा सांगत, "बाई, काही करू नका. रडू तर मुळीच नका. समुद्राकडे बघा, आणि मी हात केला की माझ्याकडे वळा." त्या वळत. बस्स, एवढंच. पण चंदेरी कागदाच्या फळ्यांनी त्यांच्या तोंडावर ऊन फेकलं की आम्ही बघणाऱ्या सगळ्याच नकळत दोन पावलं पुढे सरकायचो.

हळदीच्या रंगाची एक खोड असते. तो उन्हात टिकत नाही. संध्याकाळपर्यंत लुगडं विटून फिकं होई आणि मी पुन्हा घंगाळ काढी. मला त्या खोडीची चिंता नव्हती. उलट सासूबाई म्हणाल्या, "बरां आसा. सिनेमावाले गेले काय आपसूक जायत."

सिनेमावाले गेले. जाताना आजोबांनी वन्संना पुन्हा हात जोडले. आठवड्यानं मी सकाळी मागल्या दारी गेले तर वन्सं एकट्याच घंगाळापाशी बसल्या होत्या. कोपरापर्यंत हात हळदीत.

सासूबाई माझ्या मागूनच आल्या. "ह्यां काय गो? सिनेमा सोपलो मां?"

"सोपलो," वन्सं म्हणाल्या. "पण आई, गुरवान देवाक किती दिस म्हणान खंय इचारल्यान?"

सासूबाईंनी लगोलग गुरवाला बोलावून घेतलं. गुरवानं डोकं खाजवलं. "गळ्यात ढोल होतो, भायर बोलयत होते. मुदत घालूक इसारलंय खरो."

"मगे परत कौल लाव!"

"दिल्लो कौल परत इचारीत नाय. देव काय बाजारातलो दुकानदार आसा, दर पाडून मागूक?"

देवाचा असा पाठिंबा मिळाल्यावर सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण देव देवळात असतो आणि वाडी दाराशी. पाणवठ्यावर बायका कुजबुजायला लागल्या. एकदा सासूबाईंनी तिरमिरीत ते लुगडं दगडावर घेतलं आणि पिवळं घालवायला साबण चोळला. तर काय, लुगडं लालभडक! हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे त्या रागाच्या भरात विसरल्या होत्या. कुंकू तरी हळदीचंच करतात ना, चुना घालून? हातातली लाली बघताच त्यांनी लुगडं दगडावर टाकून दिलं. घाईघाईनं साध्या पाण्यात खळबळून पुन्हा पिवळं झालेलं लुगडं त्यांनी वन्संच्या अंगावर टाकलं आणि म्हणाल्या, "देवाचां तां देवाकडे. माका वाडीत रवाचां आसा." त्याच दिवशी हळदीचा डबा त्यांच्या पेटीत गेला. स्वैपाकापुरती चिमूट त्या मोजून काढून देत.

वन्संनी भांडण केलं नाही. हळद मागितली नाही, आणि लुगडंही बदललं नाही. ते रोज उन्हात थोडं थोडं विटत गेलं. मला माहेरी बांद्याच्या बाजारात शेरभर हळद सहज मिळाली असती. दोनदा मी माहेरी जाऊन आले, दोनदा बाजारातून हिंडले आणि रिकाम्या हातांनी परतले. सासूबाईंच्या नजरेला भ्याले. एका परक्या म्हाताऱ्याशी भांडायला माझी जीभ चालली, घरात मात्र टाळूला चिकटली. याची मला आजही लाज वाटते. काहीतरी सबब सांगून हे झाकता आलं असतं, पण या वयात कुणासाठी झाकू?

पावसाळा संपून दिवाळीही झाली. मग निरोप आला की सिनेमा सावंतवाडीला लागलाय. अख्खी वाडी भाड्याच्या ट्रकमधून दुपारच्या खेळाला गेली. सासूबाई जन्मात पहिल्यांदा सिनेमा बघणार होत्या. त्या मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वन्सं. वन्संच्या अंगावर तेच लुगडं. हळद लावली होती असं सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नसतं, इतकं ते पांढरं पडलं होतं.

त्या दुपारी आमच्या वाडीनं त्या थेटराला जेवढं हसवलं तेवढं कुठल्या विदूषकानं हसवलं नसेल. पडद्यावर चांदणं पडलं तर मागून कुणी ओरडला, "खंयचां चांदणां रे, माजां टकलां भाजलां होतां!" घोडा दौडत आला तर सगळे म्हणाले, "करवंट्यो!" नायकाला सुरा लागला तेव्हा सगळं थेटर हळहळत होतं आणि आमच्या दोन रांगा "मुंगयो, मुंगयो" करून खिदळत होत्या. गुरव ढोल घेऊन दिसला तेव्हा तर आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" असा गजर केला. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग समुद्र आला आणि समुद्रापुढे पाठमोरी एक बाई. शुभ्र लुगडं. ती वळली. पडदाभर वन्संचा चेहरा.

आम्हां सगळ्यांना ती युक्ती माहीत होती. ते लुगडं पिवळंजर्द होतं, हे आमच्या रांगेतल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत सावंतवाडीची कुणी बाई होती, ती रडक्या आवाजात म्हणाली, "काय गो बायचां नशीब! येवडीशी तर आसा." तिनं आमच्या वन्संना ओळखलं नव्हतं. तिच्यापुढेच तर त्या बसल्या होत्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या हसायच्या थांबल्या होत्या. तेरा वर्षं त्या ते पांढरं उठता-बसता बघत होत्या, घरातल्या भिंतीकडे बघावं तसं. एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा शेजारी बसलेल्या लेकीकडे. मग अंधारात हात पुढे करून वन्संचा पदर चाचपला आणि मुठीत धरला. खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर आल्यावर सगळे ट्रककडे निघाले. सासूबाई उलट्या बाजूनं बाजारात. आम्ही दोघी मागे धावलो. त्या कापडाच्या पहिल्या दुकानात शिरल्या आणि म्हणाल्या, "पिवळां लुगडां दाखय."

दुकानदारानं विचारलं, "कोणाक, आये?"

"माज्या चेडवाक." असं म्हणून त्यांनी वन्संना हाताला धरून पुढे ओढलं, अगदी दिव्याखाली. दुकानदारानं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं, सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि गठ्ठा सोडला. सासूबाईंनी एक लुगडं उचललं, बोट ओलं करून काठावर घासलं, बोटाकडे निरखून पाहिलं.

"रंग पक्को आसा मां? उन्हान जायत नाय मां?"

"आये, लुगडां फाटात, पण रंग जावचो नाय."

सासूबाईंनी दोन घेतली.